१७ सप्टेंबरला झेंडा फडकतो, पण १९४८ ची पूर्ण गोष्ट औशाच्या पोरांना कोण सांगतं?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांमध्ये झेंडावंदन होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार पडतो, एखादी मुलगी पाठ केलेलं भाषण म्हणते, खाऊ वाटला जातो आणि कार्यक्रम आटोपतो. त्याच दिवशी मुलांच्या मोबाईलवर मात्र वेगळाच वर्ग भरलेला असतो. एका रीलमध्ये रझाकारांचे अत्याचार, मागे ढोलांचा आवाज आणि शेवटी आजच्या मुसलमान शेजाऱ्याकडे दाखवलेलं बोट. दुसऱ्या रीलमध्ये पोलीस ॲक्शननंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचा आकडा आणि शेवटी आजच्या हिंदू शेजाऱ्याकडे दाखवलेलं बोट.

या दोन्ही रीलमधली मूळ घटना खोटी नाही, आणि खरी अडचण तीच आहे. निव्वळ थाप पकडणं सोपं असतं. अर्धं खरं पकडायला अख्खी गोष्ट माहीत असावी लागते, आणि ती शाळेत कुणी सांगत नाही.

औसा, लातूर, उदगीर, नांदेड या पट्ट्यात हा विषय जास्त नाजूक आहे, कारण हा इतिहास इथल्या घरांमधला आहे. १९४८ मध्ये औसा आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. औशाहून लातूर जेमतेम वीस किलोमीटर.

'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. ही पोरं गोळा कशी झाली, हे समजून घेण्यासारखं आहे. रझवीच्या आधीच्या काळात, बहादूर यार जंग नेते असताना, इत्तेहादुल मुस्लिमीनने 'अनल मलिक' अशी घोषणा दिली होती. म्हणजे मीच राजा. राज्य एकट्या निजामाचं नाही, संस्थानातल्या प्रत्येक मुसलमानाचं आहे, असा त्याचा रोख. आता विचार करा, दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेल्या पोराला कुणी सांगितलं की तू जन्मानं राज्यकर्ता आहेस आणि शेजारी तुझं राज्य हिसकावायला टपलाय, तर त्याला काय वाटेल? धर्म बदला, काळ बदला, झेंड्याचा रंग बदला. कट्टरतेची भरती आजही याच दोन वाक्यांवर चालते.

दोन अर्ध्या गोष्टी

रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात झालेलं हत्याकांड सीमाभागात अजून विसरलं गेलेलं नाही. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. शाळेतली गोष्ट इथं संपते.

पण प्रत्यक्षात ती तिथं संपली नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं पथक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरलं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. लातूर शहरात हा प्रकार वीसहून जास्त दिवस चालल्याचं अहवालात आहे. हा अहवाल अनेक दशकं लोकांपुढे आलाच नाही. सरदार पटेल त्या अहवालावर नाराज होते. म्हणजे तोही डोळे झाकून वाचायचा नाही. तो कुणी लिहिला, किती गावं पाहून लिहिला, आकडा मोजलेला की अंदाजाचा, हे प्रश्न त्यालाही विचारायचे.

याच इतिहासात अशीही माणसं आहेत जी कुठल्याच रीलमध्ये बसत नाहीत. शोएबुल्ला खान हा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला रस्त्यात गाठून मारलं, लिहिणारा हात तोडला. आणि सुंदरलाल अहवालातच नोंद आहे की हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना हिंदू जमावापासून वाचवलं, काहींनी त्यासाठी जीवही गमावला. या दोन गोष्टी माहीत असलेल्या मुलाला 'ते सगळे तसलेच' हे वाक्य विकणं अवघड जातं.

पुस्तकात हत्यार आहे, पण ते पाठ करायला

गंमत म्हणजे यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. बालभारतीच्या सातवी, आठवी आणि नववीच्या पुस्तकांत पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' असा आहे. दहावीत तर थेट इतिहासलेखनाची परंपरा : व्होल्टेअर, रांके, फुको. साधनं तपासा, मूळ कागद पाहा, लिहिणारा कोण ते बघा, हे सगळं त्यात आहे. पण मुलं ते 'भौतिक, लिखित, मौखिक' असं घोकतात, रिकाम्या जागा भरतात आणि पेपर देऊन मोकळी होतात. फोनवर आलेला व्हिडिओ हेसुद्धा एक साधनच आहे आणि त्यालाही तेच प्रश्न विचारायचे असतात, हे कुणी त्यांना जोडून दाखवत नाही.

नुसता इतिहास येऊनही भागत नाही, हेही खरं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि फॅक्ट-चेकर यांना अनोळखी वेबसाईट तपासायला दिल्या. पीएचडी झालेले इतिहासकारही फसले, कारण ते त्याच पानावर बारकाईनं वाचत बसले. फॅक्ट-चेकर लगेच ते पान सोडून दुसरीकडे शोधायला गेले : हे चालवतं कोण? ही सवय नववीच्या मुलाला एका तासात दाखवता येते.

याचं काय होतं ते कोल्हापूरनं जून २०२३ मध्ये पाहिलं. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद, दगडफेक, इंटरनेट ठप्प. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं होती.

आता नेहमीचा आक्षेप : जुन्या जखमा उकरून पोरं आणखी भडकणार नाहीत का? भडकू शकतात. दोन्ही बाजूंचे मृतदेह फळ्यावर मोजत बसलं तर नक्कीच. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख इथं शिक्षकांसाठी काही तत्त्वं ठरली. शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादायचं नाही, आणि समाजात ज्यावर वाद आहे तो विषय वर्गातही वादाचा म्हणूनच मांडायचा. आपल्याकडे त्यात एक गोष्ट वाढवावी लागेल, ती म्हणजे शिक्षकाला आधार. वर्गातलं एखादं वाक्य तोडून कुणी व्हायरल केलं तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती पाठीशी उभी राहणार का? याचं उत्तर आधी मिळाल्याशिवाय कुठलाही शहाणा शिक्षक या वाटेला जाणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

सुरुवात १९४८ पासूनच करायला हवी असं नाही. औशाचा किल्ला पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १६३६ मध्ये मोगलांनी उदगीर आणि औसा घेतले, तेव्हा उदगीर सिद्दी मिफ्ताहच्या ताब्यात होता आणि औसा भोजबलच्या. दोघेही निजामशाहीचे, दोघेही मोगलांविरुद्ध. किल्ल्यात सेल्फी काढणाऱ्या मुलांना एवढंच विचारायचं : यात हिंदू बाजू कुठली आणि मुसलमान बाजू कुठली?

१९४८ साठी मात्र वेळ कमी उरलाय. तेव्हा जे दहा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. औशाच्या गल्ल्यांमध्ये, दोन्ही समाजांत, अशी मोजकी आजी-आजोबा मंडळी असतील. पुस्तक ज्याला मौखिक साधन म्हणतं ते हेच. नववीच्या मुलांनी वही आणि फोन घेऊन, आपल्या घरच्याबरोबर शेजारच्या समाजातल्याही एकाची आठवण नोंदवायची, हा प्रकल्प या दिवाळीच्या सुट्टीत देता येईल.