पारपत्र एका देशाचे, गणवेश दुसऱ्याचा

नोव्हेंबर २०२४ मध्ये देवळालीच्या सरावक्षेत्रात 'अग्नि वॉरियर' हा भारत आणि सिंगापूर यांच्या तोफखान्यांचा तेरावा संयुक्त सराव झाला. नाशिककरांना तोफांचा गडगडाट नवा नाही. मात्र सिंगापूरच्या सैन्यात मराठी घरातला, भारताचे पारपत्र बाळगणारा तरुणही असू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले असेल.

सिंगापूर हे नगरराष्ट्र आपल्या नाशिक जिल्ह्याच्या विसाव्या भागाएवढेही नाही. १९६५ साली ते स्वतंत्र झाले आणि १९६७ मध्येच तेथे तरुणांना लष्करी सेवा सक्तीची झाली. ही सक्ती केवळ नागरिकांपुरती नाही. आपल्याकडून संगणक अभियंता म्हणून गेलेला गृहस्थ तेथे स्थायी निवासी झाला, तर त्याला स्वतःला सर्वसाधारणपणे सूट मिळते. परंतु त्याच्या आधाराने स्थायी निवासी झालेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षे गणवेश चढवावा लागतो. त्यानंतरही वर्षानुवर्षे राखीव दलाची सेवा असतेच. सेवा टाळून निवासाचा हक्क सोडून दिला, तर पुढे तेथे शिक्षण वा नोकरीसाठी केलेल्या अर्जावर त्याची छाया पडते.

म्हणजे निर्णय घेतात आईवडील, तोही मूल चार-पाच वर्षांचे असताना. शाळेतील प्रवेश, कमी शुल्क, घर यांचा हिशेब त्या वेळी चोख मांडला जातो. अठराव्या वर्षाचा हिशेब मात्र पुढे ढकलला जातो आणि मग बारावीच्या वयात घरात वादळ उठते.

यासाठी सिंगापूरला दोष देण्याचे कारण नाही. जो देश सुरक्षित रस्ते, उत्तम शाळा आणि स्वच्छ कारभार देतो, त्याने रक्षणाचा वाटा मागितला तर त्यात अन्याय कोणता? डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले, ते सैनिकी शिक्षणाने तरुण घडतो या श्रद्धेनेच. शिस्तीचे हे मोल मान्य असलेल्या समाजाने परक्या देशाच्या शिस्तीला नाके मुरडू नयेत. आक्षेप आहे तो दोन्ही डगरींवर हात ठेवण्याच्या वृत्तीला. सवलती तेथल्या घ्यायच्या आणि कर्तव्याची वेळ येताच मायदेशाची आठवण काढायची, हे ना त्या देशाशी प्रामाणिक, ना या देशाशी.

दुसरा प्रश्न भाषेचा. तेथील शाळांत इंग्रजीबरोबर मातृभाषा हा विषय असतो. भारतीय मुलांना तमिळ आहे. शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांचीही सोय आहे. या यादीत मराठी नाही. आपली मुले बहुधा हिंदी घेतात. हिंदी शिकणे चांगलेच. पण शाळेच्या कागदावर जी मातृभाषा लिहिली जाते, ती आजीची भाषा नसते. २०११ साली विश्व मराठी साहित्य संमेलन सिंगापूरला भरले, महाराष्ट्र मंडळाचे गणेशोत्सवही उत्साहाने होतात. तथापि उत्सवाने भाषा जिवंत राहत नाही. ती जेवणाच्या पानावर रोज बोलली गेली तरच राहते.

भारतीय राज्यघटनेचा नवव्या अनुच्छेदात सांगितलेला दंडक स्पष्ट आहे : स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व राहत नाही. सिंगापूरलाही दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. 'ओसीआय' कार्डाने येण्याजाण्याची आजीवन मुभा मिळते. मताचा अधिकार मिळत नाही, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेसाठी शेतजमीन विकत घेता येत नाही.

म्हणून परदेशी निघालेल्या कुटुंबाला येथल्या वडीलधाऱ्यांनी पगाराच्या आकड्यापलीकडचे तीन प्रश्न विचारावेत. तेथे किती वर्षे राहणार? मुलाच्या नावे स्थायी निवासाचा अर्ज करणार का? आणि केलात, तर त्याची सेवा तो अभिमानाने करील, असे त्याला लहानपणापासून सांगणार का? तिन्हींची उत्तरे तयार असतील, तर त्यांना आनंदाने निरोप द्यावा. त्यांचा मुलगा सिंगापूरचा निष्ठावंत सैनिक झाला, तरी त्यात नाशिकला कमीपणा नाही. कमीपणा आहे तो कोठलेच कर्तव्य न मानणारी पिढी घडवण्यात.