पाडव्यापर्यंत लेकराला काय यायला पाहिजे?

दसरा झाला की घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागात मुकादमांच्या चकरा वाढतात. उचल आधीच घेतलेली असते, खर्चही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याच्या हिशोबात न धरलेलं तीन-चार वर्षांचं लेकरू ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या मधी बसून फडावर जातं, ते थेट मार्च-एप्रिलला परत येतं. इकडं अंगणवाडीचा पट अर्धा.

मागच्या हंगामाआधी एका तांड्यावर गेलो होतो. एका माउलीला विचारलं, पोराला काय करायचं ठरवलंय? म्हणाली, "पोलिस व्हावा." मी म्हटलं, ते वीस वर्षांनंतरचं. येत्या पाडव्यापर्यंत काय यायला पाहिजे? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, आपलं नाव सांगता यावं त्याला. गावाचं बी. फडावर हरवलं तर कुणाला काय सांगन ते?"

हे खरं उद्दिष्ट. जाता-येता, भाकरी थापताना पाठ करून घेता येईल असं. पण तिला हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

आपल्याकडं अंगणवाडी म्हणजे खाऊची शाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या सहा सेवांत पूर्वशालेय शिक्षण आहे आणि आईला आहार-आरोग्याचं शिक्षणही आहे. त्याच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी आदिवासींच्या अंगणात नेली. मूल येत नाही ना, मग शाळा त्याच्याकडं. आपण मात्र घरच्यांना बोलावतो ते सही-अंगठ्यापुरतं.

शहरातले आम्ही तरी कुठं शहाणे? माझ्या पोराला चौथ्या वर्षी इंग्रजी नर्सरीत घातलं, फी भरली, व्हॅन लावली. एबीसीडी घडाघडा म्हणायचा, शर्टाचं बटन लावता येत नव्हतं. आम्हालाही कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही ठरवलं नाही, की यंदा त्याला नेमकं काय यावं.

आता हे काम सेविकेवरच टाकायचं का, असा प्रश्न येईल. रास्त आहे. वजन-उंची, आहार वाटप, पोषण ट्रॅकर, वरून सर्वेक्षणं. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला तो याच बायांना. म्हणून नवीन रजिस्टर नको, नवीन फॉर्म तर नकोच. (नाहीतर याचंही ॲप निघायचं!) गृहभेटीला ती जातेच. तिथं एकच प्रश्न विचारायचा आणि आईनं सांगितलेलं एकच काम धरायचं. दहापर्यंत वस्तू मोजणं, हात धुऊन जेवणं, पूर्ण वाक्यात बोलणं, काहीही. आई शिकलेली नसली तरी चालतं. बैल, मोळ्या, गोष्टी, गाणी फडावरही असतात. आणि लेकरू आजीपाशी ठेवायचं असेल तर आजीला विचारा, कारण सहा महिने तीच आई.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला एवढंच म्हणणं आहे. पालक मेळावा गाड्या निघायच्या आधी घ्या, आणि संध्याकाळी घ्या. सकाळी अकराला बोलावलं तर सोयाबीन काढायला गेलेली माय कुठून येणार?