अंगठा, वही आणि यंत्र

व्यापारात संगणक आला असे म्हटले, की शहरी वाचकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोल्या, काचेची दारे आणि गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली तरुण मंडळी उभी राहतात. माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते ते जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचे एक खताचे दुकान. गाव तालुक्याचे. दक्षिणेला गोदावरी, पैठणच्या धरणाचा डावा कालवा मुलखातून गेलेला. त्यामुळे कापसाच्या जोडीला उसाची आणि मोसंबीचीही वस्ती. मृग लागला की या दुकानापुढे जी रांग लागते, तशी आमच्या लहानपणी फक्त रॉकेलला लागत असे.

दुकानात संगणक कुठे दिसत नाही. फळीवर एक लहानसे यंत्र असते, पानाच्या डब्याएवढे. त्याला एक काच. शेतकऱ्याने आपला आधार क्रमांक सांगायचा, काचेवर अंगठा टेकायचा, दूर कुठेतरी त्या अंगठ्याची ओळख पटायची, मग यंत्राच्या तोंडातून चिरोटीएवढा कागद बाहेर यायचा, आणि मग पंचेचाळीस किलोंची युरियाची गोणी हमालाच्या पाठीवर चढायची.

मी उभा होतो तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांची पाळी आली. त्यांनी अंगठा टेकला, यंत्राने नाकारला. धोतराला पुसून पुन्हा टेकला, पुन्हा तेच.

"मामा, दुसरं बोट लावा," दुकानदार म्हणाला.

"दहा झाली की रे आता. पायाचं लावू का?"

रांग हसली. दुकानदारही हसला, पण गोणी काही हलली नाही. अखेर म्हाताऱ्यांचा नातू मोटारसायकलवरून आला, त्याचा अंगठा यंत्राला पसंत पडला आणि खत नातवाच्या नावावर निघाले. साठ वर्षे ज्या हातांनी नांगर धरला, पऱ्हाट्या उपटल्या, त्या हातांवरच्या रेघा जमिनीनेच पुसून टाकल्या होत्या. यंत्राला हे कोण सांगणार?

आता कुणी म्हणेल की हे सारे बंद करा. मी तसे म्हणणार नाही. यंत्र आले त्याला कारण होते. युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, ती तेवढ्यात तयार होत नाही. वरचा मोठा बोजा सरकार उचलते आणि ते पैसे खत कंपनीला देते. पूर्वी माल जिल्ह्यात पोहोचला की अनुदानाचा हिशेब सुरू होई. मग तो माल शेतात जातो, की एखाद्या कारखान्यात, हे कुणाला कळणार? म्हणून २०१८ सालापासून देशभर असे ठरले, की दुकानात खऱ्या माणसाला गोणी विकली गेल्याची नोंद यंत्रात होईल तेव्हाच कंपनीला अनुदान मिळेल. याच नोंदींवरून केंद्राच्या खत विभागाने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पहिल्या वीस मोठ्या खरेदीदारांच्या याद्या काढून तपासणीस लावल्या. कागदी पावत्यांच्या गठ्ठ्यांतून अशी यादी काढायची तर कारकुनांची एक पिढी खर्ची पडली असती. पुढे २०२० साली अंगठ्याला पर्याय म्हणून फोनवर येणारे आकडे सांगण्याची सोयही झाली. पण ते आकडे येतात आधारला जोडलेल्या फोनवर, आणि तो फोन पुष्कळ घरांत मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा पुण्यात.

मला विचारात पाडले ते दुसऱ्याच गोष्टीने. अंगठा हा शब्द आमच्या मुलखात निष्पाप नाही. सावकाराच्या ओट्यावर बसून कोऱ्या किंवा अर्ध्याच भरलेल्या कागदावर उठवलेला अंगठा हा मराठी शेतकऱ्याच्या घरातला जुना दुखवटा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले ते त्या कागदांवर. त्यांनी सावकारांच्या वाड्यांतून खते आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्रज सरकारने चौकशी बसवली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक साधी तरतूद होती, तिचे मला फार कौतुक वाटते: ऋणको मागेल तर सावकाराने त्याला पावती, हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तक दिले पाहिजे. म्हणजे वही एकाच्याच घरात राहता कामा नये. घनसावंगीचा मुलूख तेव्हा निजामाचा. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांपुरता होता. इकडच्या सावकाराच्या वहीला तेवढाही लगाम नव्हता.

यंत्राच्या तोंडून निघालेली ती चिरोटी मी हातात घेऊन पाहिली. गुळगुळीत कागद. त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटते, आणि उष्णतेनेच ते जाते. शेतकऱ्याच्या छातीच्या खिशात, घामात आणि उन्हात, ती पावती दिवाळीपर्यंत कोरी होते. यंत्रातली नोंद मात्र टिकते. कंपनीकडे, सरकारकडे, दुकानदाराकडे. टिकत नाही ती फक्त ज्याने अंगठा दिला त्याच्याजवळ! दुकानदार सज्जन होता. तो प्रत्येक पावतीच्या मागे बॉलपेनने गोण्यांची संख्या आणि तारीख लिहून देत होता. मी विचारले तर म्हणाला, "साहेब, उद्या भांडण झालं तर छापलेलं नाही, हे लिहिलेलंच वाचता येतं."

मोंढ्यात आमचे एक स्नेही आडतीचे दुकान चालवतात. कापूस, सोयाबीन, तूर. त्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाला चौरंगावर तांबड्या वेष्टनाच्या वह्याही असतात आणि संगणकही. वह्यांवर शुभ-लाभ, संगणकाच्या झाकणावर कुंकवाचे बोट. वह्या पूजेपुरत्या राहिल्या आहेत, हे ते लपवत नाहीत. कीर्द, रोजमेळ, खतावणी, सगळे टॅलीत. ही टॅलीची कथाही दुकानातलीच आहे: बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखी सोय मिळेना, तेव्हा मुलाने, भरत गोएंका यांनी, ती लिहून काढली. त्यांची कंपनी निघाली १९८६ साली. २०१७ च्या जुलैत वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा तर लहानसहान दुकानदारालाही यंत्राचा आश्रय घ्यावा लागला. विवरणपत्र भरायचे तेच मुळी यंत्रावर.

आडतदार म्हणाले, "वहीत खाडाखोड झाली की ती दिसायची. बाप सांगायचा, चुकलं तर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, सही करा. पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पान फाडलं तर पानांचे आकडे बोंब मारायचे." मला रामदासांची आठवण झाली. ते जन्मले याच तालुक्यातल्या जांब गावी, १६०८ साली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी सगळा लेखनक्रियेला दिला आहे: अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्या, कागद, शाई, लेखण्या कशा सांभाळाव्या. संतांना याची काय उठाठेव, असे वाटते खरे. पण लिहिलेले पुढच्या माणसाला जसेच्या तसे मिळावे, ही कळकळ काही लहान नव्हे.

संगणकावर मात्र आकडा बदलला की मागचा आकडा नाहीसा होतो, रेघही उरत नाही. हे सरकारच्याही ध्यानी आले. १ एप्रिल २०२३ पासून देशातल्या प्रत्येक कंपनीला असाच हिशेबाचा प्रोग्रॅम वापरावा लागतो, ज्यात प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद आपोआप राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. थोडक्यात, आडतदारांच्या वडिलांची ती एक रेघ कायद्याने परत आणली. पण नियम कंपन्यांना आहे. मोंढ्यातली बहुतेक दुकाने घरची, नाहीतर भागीदारीची. त्यांना तो लागू नाही. आणि शेतकऱ्याचा संबंध येतो तो नेमका यांच्याशी.

कायद्याने एक गोष्ट मात्र जुन्या काळापासून शहाणपणाने धरून ठेवली आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात चौतिसावे कलम होते: नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद पुरावा म्हणून चालेल, पण नुसत्या त्या नोंदीवर कुणाच्या डोक्यावर देणे बसवता येणार नाही. २००० साली त्यात संगणकातल्या वह्याही आल्या, आणि १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला तरी हे तत्त्व तसेच राहिले. म्हणून कुणी पडद्याकडे बोट दाखवून "कॉम्प्युटरमध्येच आहे हो" असे म्हणाला, तर वाचकांनी लगेच खिशात हात घालू नये. कशाबद्दल, कधी, किती, हे विचारावे. पडदा हा वहीहून श्रेष्ठ साक्षीदार नव्हे.

नोकऱ्यांचे काय, हा प्रश्न आमच्या पिढीला प्रथम सुचतो. तो आजचा नव्हे. १९६१ च्या सुमारास मुंबईत एस्सो या तेल कंपनीने संगणक बसवला. पुढे आयुर्विमा महामंडळाचा संगणक कलकत्त्याच्या कचेरीत येऊ नये म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारे दिले. सरकारने १९६९ साली समिती नेमली तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. बँकांत तर १९८३ साली संघटनांशी रीतसर करार झाला तेव्हा कुठे यंत्रे आत शिरली. त्या वेळी मंडळींना हसणारे पुष्कळ होते. मी हसणार नाही. पहारा देणारा माणूस आपल्या घरची चूल राखत होता. आडतदारांच्या दुकानातले दिवाणजी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आले नाही. मुलगा जालन्याला जाऊन टॅली शिकून आला, तो तीन दुकानांचे हिशेब पाहतो. दोन माणसांचा पगार कुठे गेला ते ज्याने त्याने समजून घ्यावे.

परंतु आजची मोठी काळजी कुलपाची आहे. जुन्या पेढीची किल्ली शेटजींच्या जानव्याला असे. यंत्राची किल्ली म्हणजे चार अक्षरे, ती कुणालाही सांगता येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा चोरांनी दुरून पोखरली. देशोदेशीच्या एटीएमांतून बनावट कार्डांनी पैसे काढले आणि काही रक्कम हाँगकाँगला वळवली. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी, तेही दोन-तीन दिवसांत. दरवाजा फुटला नाही, पहारेकऱ्याला काही कळले नाही.

ते चोर तरी परके होते. २०२५ साली घनसावंगी आणि शेजारच्या अंबड तालुक्यातले अतिवृष्टीच्या अनुदानाचे प्रकरण बाहेर आले. रक्कम चोवीस कोटींच्या घरात. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. आरोप असा, की यादीत बोगस शेतकऱ्यांची नावे घातली आणि वरिष्ठांच्या नावाची किल्ली खालच्यांच्या हाती असल्याने यंत्राने ती मुकाट मान्य केली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण पाऊस ज्यांच्या शेतात पडला, कपाशी ज्यांची कुजली, त्यांच्या वाट्याच्या तिजोरीची ही गोष्ट आहे. त्या यंत्रातही प्रत्येक नोंद शाबूत होती, तारीख-वेळेसह. नोंद खोटी आहे हे तिला कसे कळावे?

पण वही दोन्हीकडे ठेवता येते, हे आपल्याच राज्यात एकदा दिसले आहे. १९९८ साली वारणेच्या साखर कारखान्याच्या परिसरातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे बसवली, उसाचे वजन, बिल, सारे शेतकऱ्याला गावात कळावे म्हणून. केंद्रे चालवणे महाग पडू लागले. मग काही गावांत संगणक काढून तीच माहिती साध्या फोनवर संदेशाने देऊन पाहिली. लोकांना ती अधिक आवडली. उसाच्या काट्यावर विश्वास बसत नाही, काटामारीची तक्रार दर हंगामात होते, तिथे वजन होताक्षणी शेतकऱ्याच्या खिशात आकडा पोहोचणे याची किंमत बांधावरच्या माणसाला विचारावी. खताच्या यंत्रालाही असा संदेश पाठवण्याची सोय आहे. फोन खिशात आपला हवा एवढेच.

शहरातल्या वाचकांना हे सारे दूरचे वाटत असेल. पण दिवाळीच्या खरेदीला तुम्ही दुकानात गेलात तेव्हा साडीचे पैसे घेण्याआधी तुमचा फोन नंबर विचारला की नाही? तो का हवा, हे विचारण्याचा हक्क २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. आमच्या घरी तो पहिल्यांदा सौभाग्यवतींनी विचारला. काउंटरवरची मुलगी गोंधळली, मग म्हणाली, "मावशी, नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही." मागे रांग होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग हाताने लिहून दे." मुलीने खालच्या खणातून पावतीपुस्तक काढले, कार्बन घातला आणि बिल लिहिले, एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे.