गट नंबर काय म्हणालात?

आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा फायर ड्रिल होतं. सायरन वाजतो, सगळे लॅपटॉप बगलेत मारून जिन्यानं सहा मजले खाली उतरतात, पार्किंगमधल्या हिरव्या बोर्डाखाली जमतात आणि सेल्फी काढतात. आमच्या बेचा 'फायर मार्शल' मीच. नारिंगी जॅकेट, शिट्टी, सगळा थाट. त्यामुळे इमर्जन्सी म्हटलं की आपल्याला सगळं येतं, असा माझा एक गोड गैरसमज होता. तो 28 सप्टेंबर 2025 ला, एका रविवारी, पुण्यात सोफ्यावर लोळताना उतरला.

हातात कॉफी, फोनवर रील्स. त्यात एक रील जायकवाडीचं. सत्तावीसच्या सत्तावीस दरवाजांतून पाणी. आपण एरवी 'वॉव' म्हणून पुढे ढकलतो ना, तसलंच. अंगठा थांबला तो आकड्यावर : विसर्ग 3 लाख क्युसेकच्या वर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. हिशेब केला. दहा हजार लिटरचे साडेआठशे टँकर, दर सेकंदाला. आणि हे सगळं ज्या गोदावरीतून खाली जाणार, तिच्या अंगाला आमच्या तात्यांचा आखाडा.

आमचं गाव तीर्थपुरी, घनसावंगी तालुका, जिल्हा जालना. गाव तसं नदीपासून लांब, पण आमचं एक शेत पार 'गंगेकडं' आहे. (आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच.) तिथं ऊस, चार जनावरं आणि पावसाळाभर मुक्कामाला तात्या. त्यांचा फोन बंद. चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, नॉट रीचेबल.

मग मी मार्शलगिरी सुरू केली. पहिला फोन 1077, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. तो लागला पुण्याच्या कक्षाला. लागणारच. मी बसलोय पुण्यात, आणि जालना हवं तर आधी जालन्याचा एसटीडी कोड फिरवायचा असतो. हे मला 34 व्या वर्षी कळलं. मग 112. हा फोन राज्यात कुठूनही लावा, तो मोठ्या केंद्रात घेतला जातो आणि माहिती त्या-त्या जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोलकडे जाते. पलीकडच्या मॅडम एकदम शांत. "गाव? तालुका? शेत कोणत्या शिवारात? जवळची खूण? गट नंबर?"

गट नंबर! स्वतःच्या शेताचा गट नंबर मला माहीत नव्हता. खूण म्हणून मी सांगितलं, "एक मोठी चिंच आहे." बॉस, त्या क्षणी मला जॅकेट, शिट्टी सगळं आठवलं. मॅडमनी तरी नोंद घेतली, माझा नंबर पुन्हा विचारून खात्री केली आणि गावातल्या कुणाचा नंबर आहे का, विचारलं. पोलीस पाटलांचा? नव्हता. तलाठ्यांचा? (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.) नव्हता. माझ्याकडे पिझ्झावाल्याचे तीन नंबर आहेत.

संध्याकाळी सातला दादाचा फोन आला. "कामून एवढे मिस्ड कॉल? तात्या घरी जेवायलेत."

झालं होतं असं. पाणी वाढवायचं ठरलं की धरणावरून खालच्या जिल्ह्यांना निरोप जातो. कलेक्टर ऑफिस, तिथून तहसील, तिथून तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल. मग देवळाचा भोंगा. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टरला केलंय, म्हणजे कोण कुणाला विचारणार हा घोळ कागदावर तरी मिटलाय. पण ही सगळी साखळी आमच्या तात्यांपाशी येऊन अडकली. तलाठी दुपारी येऊन सांगून गेले, पोलीस एकदा गाडी घेऊन आले. तात्या हलेनात. त्यांचं म्हणणं, "2006 ला सोडलं तवा पाणी चिंचेपाशी थांबलं. आखाड्याला लागत नाही." 2006 च्या ऑगस्टमध्ये विसर्ग होता अडीच लाखांच्या आसपास. यंदा त्याहून जास्त. तात्यांची पट्टी जुनी होती, खोटी नव्हती.

शेवटी पोलीस पाटील आले ते ट्रॅक्टर-ट्रॉली आणि चार पोरं घेऊन. तात्यांशी एक शब्द बोलले नाहीत. सरळ गाय सोडली, वासरू ट्रॉलीत घातलं. म्हणाले, "जनावरं नेऊत आधी. तुम्ही या मागनं, यायचं तर." तात्या मुकाट्यानं वासराशेजारी जाऊन बसले.

आमच्या ड्रिलमध्ये 'सगळं सामान सोडून बाहेर या' असं शिकवतात. लॅपटॉप सोडवत नाही आपल्याला, आणि दुभती गाय सोडून माणूस शाळेच्या वर्गात झोपायला जाईल अशी अपेक्षा! जनावरं कुठं बांधायची हे ज्याच्या प्लॅनमध्ये आहे, त्याचाच प्लॅन चालतो. 20 जुलै 2023 ला आपल्या सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? सरकारी इमर्जन्सी अलर्टची चाचणी. आमच्या ऑफिसात निम्म्यांना वाटलं फोन हॅक झाला. तंत्र भारीच आहे ते. पण त्या दुपारी तात्यांचा फोन चार्जिंगअभावी बंद होता, कारण लाइट सकाळीच गेलेली.

112 वाल्यांचा रात्री परत फोन आला, माणूस सुखरूप का म्हणून. मी 'हो' म्हणालो आणि उगाचच तीनदा सॉरी म्हणालो.

दिवाळीत गेलो तेव्हा सातबारा मागून घेतला. गट नंबर आता फोनमध्ये आहे, पोलीस पाटलांचा नंबर आहे, तहसीलच्या कंट्रोल रूमचा आहे, एसटीडी कोडसकट जालन्याचा 1077 आहे. दादा हसला. म्हणाला, "तू पुण्यातून काय करणार?" खरं सांगू? फार काही नाही. पण पुढच्या वेळी मॅडम विचारतील तेव्हा चिंचेचं झाड सांगायची वेळ यायला नको.

आखाड्याची मागची भिंत गेली, ऊस आडवा झाला, पंचनामा झालाय. चिंच उभी आहे. तात्यांनी तिच्या खोडावर चुन्याची नवी रेघ ओढलीय, यंदाच्या पाण्याची. मी शेजारी उभं राहून बघितलं. माझ्या खांद्याच्या वर येते.