सेंटर निवडताय की विजेचा खांब?



गेल्या अंकातला आइस हॉकीच्या एनएचएल ड्राफ्टवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. लेखकमहाशयांच्या मते विंगर चणीने लहान असला तर एकवेळ खपेल, सेंटर मात्र सहा फुटांच्या वरचाच हवा. नाहीतर प्लेऑफमध्ये त्याचा निभाव लागत नाही.

मग ब्रेडन पॉइंटचं काय करायचं? सहा फुटांच्या आतला हा सेंटर टँपा बेने २०१४ साली तिसऱ्या फेरीत घेतला, ७९व्या क्रमांकावर! त्याच्याआधी ७८ नावं पुकारली गेली. त्यातला २३व्या क्रमांकावर कोलोरॅडोने घेतलेला उंचापुरा सेंटर एनएचएलचा एकही सामना खेळला नाही. पॉइंटने २०२०च्या प्लेऑफमध्ये १४ गोल केले, २०२१मध्ये पुन्हा १४, आणि दोन्ही वर्षी स्टॅनली कप टँपाकडे. प्लेऑफमध्येच बरं का, जिथे म्हणे लहानखुऱ्यांचा चुराडा होतो. जुनं उदाहरण हवं असेल तर माँट्रियालचा आंरी रिशार घ्या. उंची पाच फूट सात इंच, कप ११. खेळाडू म्हणून इतके कप आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेले नाहीत. आजचा नावाजलेला सेंटर क्रॉस्बीसुद्धा सहा फुटांचा नाही.

यावर फ्लोरिडाच्या बार्कोव्हचं नाव पुढे येणार, ठाऊक आहे. सहा फूट तीन इंच, लागोपाठ दोन कप. पण त्याचं डोकं दुसऱ्या कुठल्या सहा फूट तीन इंचवाल्याला बसवून दाखवा!

फेसऑफच्या वेळी नीट बघा. लाइन्समन पक टाकायच्या आधी दोन्ही सेंटर गुडघ्यांत वाकलेले, एक हात स्टिकवर पार खाली सरकवलेला, नाक जवळजवळ बर्फाला टेकलेलं. तिथे काम मनगटाचं आणि नजरेचं. लांब हातांनी पक अडवणं सोपं जातं, हे मान्य. पण आधी तिथवर पोचावं तर लागतं!

आणि हे खूळ ड्राफ्टपुरतं थांबलेलं नाही. आमच्या भागातल्या एका क्लबात निवड चाचणीला प्रशिक्षकांनी मुलाचं स्केटिंग बघण्याआधी मला आपादमस्तक न्याहाळलं. बापच पाच फूट पाच, म्हटल्यावर पोराचा निकाल लागलाच. मुलगा डिसेंबरचा. इथे वयोगट १ जानेवारीपासून धरतात, म्हणजे शेजारी उभा असलेला जानेवारीतला मुलगा अकरा महिन्यांनी मोठा. कॅनडाच्या वरच्या ज्युनियर संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचाच भरणा असतो, हे संशोधकांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलंय. तरी अजून मोजपट्टी तीच. तेराव्या वर्षी बुटका म्हणून घरी पाठवलेला मुलगा सतराव्या वर्षी ड्राफ्टच्या यादीत येणार कुठून? मग उंच मुलंच चांगली खेळतात, असं म्हणायला सगळे मोकळे.

फी मात्र उंचीप्रमाणे घेत नाहीत, ती सगळ्यांना सारखीच.

— एक पालक, मिसिसागा