टायमिंग बेल्टची मुदत

दुकानाची जुनी डिझेल गाडी चालता चालता बंद पडते. किल्ली फिरवल्यास स्टार्टर नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरतो. टायमिंग बेल्ट तुटल्याचे हे लक्षण असू शकते. अशा वेळी माल पोहोचवण्याच्या घाईत पुन्हा किल्ली फिरवू नये. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ हाच बेल्ट राखतो. तो तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. गाडी ओढूनच गॅरेजात न्यावी. व्हॉल्व्ह वाकले नाहीत याची खात्री करून बेल्टसोबत टेन्शनरही बदलावा. बेल्टचे रबर उभ्या गाडीतही जीर्ण होते. म्हणून पुस्तिकेतील किलोमीटर वा वर्षे, जे आधी भरेल तीच मुदत. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर ती मुदत संपली असेच समजावे. हुंडीची तिथी पाळणाऱ्या व्यापाऱ्याला हे अवघड नाही.