परदेशी जाणाऱ्या रुग्णाला औषध किती द्यावे?

मे-जून महिन्यांत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत एक विशिष्ट वर्ग दिसू लागतो. सुटीवर आलेले मुलगा-सून, लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली आई, दुबईस परतणारा नोकरदार. सर्वांची मागणी एकच : "सहा महिन्यांचे औषध एकदम द्या." औषधविक्रेत्यांचा हा हंगाम असतो, व त्यांनी व्यवसाय करावा यात गैर काही नाही. परंतु नाडी न पाहता, बदलणारा देश व ऋतू विचारात न घेता सहा महिन्यांची पिशवी भरून देणे ही चिकित्सा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही व्यवसायबंधूंना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

प्रथम रसौषधींविषयी. 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 2008 साली इंटरनेटवरून मागविलेल्या 193 उत्पादनांच्या तपासणीतही प्रमाण जवळपास एक पंचमांशच निघाले. त्यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. शोधन-मारणाची प्रक्रिया परकीयांस ठाऊक नाही, हा आपला युक्तिवाद होता व तो अगदीच पोकळ नव्हता. पण 2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली औषधे घेणाऱ्या सहा गर्भिणींमध्ये शिशाची विषबाधा नोंदली गेली, तेव्हा युक्तिवादाची मर्यादा स्पष्ट झाली. तेथील प्रयोगशाळा भस्म वारितर आहे की नाही हे पाहत नाही. रक्तातील शिशाचे प्रमाण पाहते. आणि गर्भाच्या बाबतीत ते पाहणेच योग्य आहे.

केंद्र शासनाने 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी बंधनकारक केली. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 व कॅडमियम 0.3 पीपीएम या कमाल मर्यादा आपल्या परिचयाच्या आहेत. मात्र प्रवाशाच्या बॅगेतून जाणारे औषध निर्यात म्हणून जातच नाही, त्यामुळे ही चाळणी त्याला लागत नाही. ती चाळणी आता आपणच व्हावयास हवे. परदेशी जाणाऱ्यास, विशेषतः अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीस, गर्भिणीस व बालकास रसकल्प देऊ नयेत. काष्ठौषधी द्याव्यात आणि त्याही ज्या उत्पादकाकडून त्या बॅचचा तपासणी अहवाल मिळतो त्याच्याच. अहवाल मागितल्यावर टाळाटाळ करणारा उत्पादक कितीही जुना व नामांकित असो, या कामासाठी तो बाद समजावा.

दुसरा प्रश्न कायद्याचा. संयुक्त अरब अमिरातीत खसखससुद्धा निषिद्ध आहे, हे कित्येक गृहिणींना ठाऊक नसते. मग भांग असलेले जातीफलादि चूर्ण वा अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रस तेथे बॅगेत सापडल्यास काय प्रसंग ओढवेल, हे सांगावयास नको. रुग्ण वैद्याचे नाव सांगून सुटत नाही. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. सौदी अरेबिया, कुवेत येथे जाणाऱ्यास ती देऊच नयेत. डेन्मार्कने 2023 साली अश्वगंधेवरही बंदी घातली. त्या बंदीमागील कारणे आम्हांस पटोत वा न पटोत, रुग्णाने तिची किंमत मोजू नये. आणि औषधालयात कागदात बांधलेल्या बिननावाच्या पुड्या! त्या आता कोणत्याही विमानतळासाठी देऊ नयेत. मूळ वेष्टन, घटकांची यादी, बॅच क्रमांक व मुदत असल्याखेरीज काही बांधून देऊ नये.

आता पैशाविषयी. आपण वैद्य मंडळी या विषयाला हात लावण्यास संकोचतो. पण रुग्ण ज्या पैशातून औषध घेतो त्याच पैशातून त्याला विमाही घ्यावयाचा असतो. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या मालावरील शुल्कमाफी काढून घेतली. कुरियरचा खर्च, शुल्क व जप्तीची भीती यांची बेरीज केली तर दोनशे रुपयांचे चूर्ण अनेक पटींनी महाग पडते. सुंठ, ओवा, जिरे, हिंग, मेथी, तीळतेल यांसाठी कुरियर कशाला? लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर वा एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय किराणा मिळतो. कोरड्या थंडीत रूक्षता वाढून त्वचा फुटते, मलावष्टंभ होतो. त्यावर कोमट तीळतेलाचा अभ्यंग, तूपभात व गरम पाणी सांगितले तरी निम्मी पिशवी रिकामी होते. या सल्ल्याचे शुल्क आपण अवश्य घ्यावे. सल्ला फुकट व नफा औषधात, ही आपली जुनी रीतच मोठी पिशवी भरण्यास कारणीभूत आहे.

मुलांकडे जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत तर विमा हाच पहिला उपचार समजावा. ग्रीन कार्ड मिळाले की मेडिकेअर मिळते, हा समज चुकीचा आहे. सामान्यतः सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. स्वस्त प्रवासी विम्यात पूर्वीपासूनच्या आजारांना वगळलेले असते, म्हणून रक्तदाब वा मधुमेह लपवू नये व वगळणुकीचे कलम मुलाकडून वाचून घ्यावे. ब्रिटनमध्ये कामासाठी जाणारा तरुण व्हिसाबरोबर वर्षाला 1035 पौंड आरोग्य अधिभार भरतो. तो भरूनही जी.पी.कडे नाव न नोंदविता आपल्याला फोन करीत राहणे, हा निव्वळ तोटा आहे. त्याला पोहोचल्याच्या आठवड्यात नाव नोंदविण्यास सांगावे. तेथे सावळ्या त्वचेच्या लोकांना रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा शासकीय सल्ला आहे. तोही पाळावयास सांगावा. त्याने आयुर्वेदाचा अवमान होत नाही.

फोनवरील चिकित्सेबाबत एवढेच, की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 25 मार्च 2020 रोजी ॲलोपॅथीसाठी दिलेल्या दूरचिकित्सेच्या मार्गदर्शक सूचनांनीही भारताबाहेरील सल्ला आपल्या कक्षेत घेतलेला नाही. आपण त्याहून मोकळे आहोत असे मानून औषधे बदलत राहणे धोक्याचे आहे. पथ्यापथ्य सांगावे, छातीत दुखणे, ताप, रक्तस्राव यांसाठी तेथील डॉक्टरकडेच पाठवावे.

याहूनही गंभीर बाब लपवाछपवीची आहे. रुग्ण तेथील डॉक्टरला आपले औषध सांगत नाही, कारण "ते हसतील" अशी भीती. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर मेथी वा गुडमार चालू असेल तर साखर अधिक उतरू शकते. डॉक्टरला हे ठाऊक नसेल तर तो नवी गोळी लिहून देतो व गोंधळ वाढतो. म्हणून प्रत्येक परदेशगामी रुग्णाला एक पानी इंग्रजी पत्र द्यावे : निदान, चालू औषधे, प्रत्येक घटकाचे लॅटिन नाव, मात्रा, उत्पादक, बॅच क्रमांक, वैद्याचा नोंदणी क्रमांक व सही. औषध एक महिन्याचे पुरे. आपल्या संघटनेने या पत्राचा नमुना छापून पुढील अंकासोबत सर्व सभासदांना व औषधविक्रेत्यांना पाठवावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.